सिडनीत प्लंबिंगचे गिऱ्हाईक कसे जोडावे : कुडाळच्या एका व्यावसायिकाला उत्तर

तुमचा प्रश्न वाचला. कुडाळला तुमचा प्लंबिंगचा लहानसा स्वतंत्र व्यवसाय आहे, हाताखाली कामाला दोन पोरे आहेत, सिडनीला कायमचे जाण्याचा विचार जवळजवळ ठरला आहे आणि व्हिसाची माहितीही तुम्ही मिळवली आहे. तुम्हाला आता जाणून घ्यायचे आहे ते एवढेच, की तिथे गिऱ्हाईक कसे मिळते व कसे टिकते, मुलीला बरोबर न्यावे की मागाहून, तिथे एकटे वाटते का, आणि कुडाळच्या धंद्याचे काय करावे. मी वेंगुर्ल्याजवळच्या गावचा, हेच काम करणारा, आणि बरीच वर्षे न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनी ज्या राज्यात आहे तिथे, राहणारा. उत्तर चार ओळींत देता आले असते, पण तुमच्या प्रश्नाने मनात जे ढवळून निघाले आहे ते बाजूला ठेवून मला लिहिता येत नाही. व्हिसाचे प्रकार, फी, इंग्रजीची परीक्षा हे सारे सरकारी संकेतस्थळांवर आहे. त्यात मी शिरत नाही.

पहिली गोष्ट अशी की आपल्याकडे आपण गिऱ्हाईक शोधत नाही. गणपतीच्या आधी महिनाभर मुंबईहून चाकरमान्यांचे फोन सुरू होतात, वर्षभर बंद असलेल्या घराचा पंप ओढत नाही, टाकीचा बॉलकॉक अडकलेला असतो, खाऱ्या हवेने जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप कुजलेला असतो, आणि त्या सगळ्यांना आपला नंबर कोणी दिला हे विचारण्याची गरज नसते. मे महिन्यात तेच, डिसेंबरात मालवण-तारकर्लीच्या होमस्टेवाल्यांचे तेच. अमक्याचा मुलगा, तमक्या वाडीतला, एवढ्यावर लोक घराची चावी आपल्या हातात देतात. हा विश्वास आपण एकट्याने कमावलेला नसतो. तो वडिलांनी, काकांनी, सगळ्या वाडीने मिळून कमावलेला असतो. सिडनीच्या विमानतळावर उतरताना तो बरोबर येत नाही. हाताचे कसब येते, आणि नुसत्या कसबावर तिथे दार उघडत नाही. तिथला सारा मार्केटिंगचा खटाटोप म्हणजे हा विश्वास अनोळखी माणसाच्या मनात नव्याने उभा करणे, एवढाच आहे.

त्यातच पहिली काही वर्षे तुम्हाला स्वतःच्या नावाने जाहिरात करताच येणार नाही. न्यू साउथ वेल्समध्ये प्लंबिंग, ड्रेनेज आणि गॅसफिटिंगच्या कामाला, रक्कम कितीही लहान असो, लायसन्स लागते. स्वतः काम घ्यायचे आणि त्याची जाहिरात करायची तर कंत्राटदाराचे लायसन्स लागते, आणि १९८९ च्या होम बिल्डिंग कायद्याप्रमाणे जाहिरातीत नाव व लायसन्स क्रमांक द्यावाच लागतो. तोवर दुसऱ्याच्या हाताखाली काम करावे लागेल. ज्या माणसाने कुडाळला स्वतःचा बोर्ड लावला आहे त्याला हे जड जाते, मलाही गेले. पण त्या वर्षांत पाना कसा धरायचा हे शिकायचे नसते, मालक फोनवर काय बोलतो, कोटेशन कसे लिहितो, चिडलेल्या माणसाला कसा शांत करतो, हे शिकायचे असते. शक्यतो लहान कंपनीत राहा, जिथे मालक स्वतः फोन उचलतो.

कागदपत्रांबद्दल मात्र मला लिहावेच लागेल. व्हिसासाठी कौशल्य तपासणाऱ्यांना अनुभवाचे पुरावे हवे असतात, आणि आपला अनुभव कच्च्या पावत्यांवर, रोख पैशांवर आणि क्वचित हापूसच्या पेटीवर चाललेला असतो. ज्या हार्डवेअर दुकानदाराकडून मी उमेदीची सगळी वर्षे माल उचलला, त्याने लेटरहेडवर मनापासून पत्र लिहून दिले. त्या पत्राला तिथे फारशी किंमत नव्हती, कारण त्याच्यामागे ना पगाराची स्लिप होती, ना बँकेतली नोंद. त्यात आपल्याकडच्या कित्येक घरांसारखे आमचेही आडनाव दोन प्रकारे लागते. जन्मनोंदीत एक, शाळेच्या दाखल्यावर गावाचे ‘-कर’ लावलेले दुसरे. ती दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत हे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्रे, राजपत्रातील नोंद, मराठी दाखल्याचे प्रमाणित भाषांतर असा जो फेरा सुरू झाला, त्यात मुंबईतील एका एजंटाने पैसे आधी घेतले आणि चुकीच्या स्पेलिंगचा अर्ज पुढे पाठवला. ज्या गावात माझ्या पणजोबांना ओळखणारी माणसे अजून आहेत, तिथला मी, आणि मी कोण हे मला कागदावर पटवून द्यावे लागले. हा राग अजून गेलेला नाही. तुम्ही आजपासूनच क्रमांक छापलेले बिलबुक वापरा, शक्य तिथे पैसे बँकेतून घ्या, आयकर विवरणपत्र भरा, उद्यम नोंदणी करा, आणि प्रत्येक कामाचे आधीचे व नंतरचे फोटो तारखेनिशी ठेवा. बिले आणि फोटोंची हीच सवय पुढे गिऱ्हाईक सांभाळताना तुमच्या कामी येईल.

आता गिऱ्हाइकाविषयी. पाणी गळत असलेला माणूस वाट पाहत नाही. तुम्ही फोन उचलला नाही तर तो यादीतल्या पुढच्या नंबरावर जातो आणि परत येत नाही. खणलेल्या चरात हात अडकलेले असतील तर बायकोने, भावाने, पगारी माणसाने, कोणीतरी फोन उचललाच पाहिजे. पत्ता विचारण्याआधी काय झाले आहे ते पूर्ण ऐकून घ्यावे आणि पाणी वाहतच असेल तर मीटरजवळची मुख्य चावी कशी बंद करायची हे तिथल्या तिथे सांगावे. त्याचे पैसे मिळत नाहीत, पण असे गिऱ्हाईक तुम्हाला सोडून दुसरीकडे जाण्याची शक्यता फार कमी. आपल्याकडे ‘येतंय, येतंय’ म्हणून संध्याकाळी पोहोचले तरी चहा मिळतो, कारण घरात कोणी ना कोणी असतेच. तिथे माणूस कामावरून अर्धा दिवस सुटी घेऊन थांबलेला असतो. सात ते नऊच्या दरम्यान येतो म्हटले की त्याच वेळेत पोहोचायचे, निघताना संदेश पाठवायचा, आणि उशीर होणार असेल तर वेळ टळण्याआधी कळवायचे.

नुसते येऊन पाहण्याचे पैसे घेणे आपल्याला अवघड वाटते. कुडाळला ते मागितले तर तोंड वाकडे होईल. तिथे ते रीतसर घेतले जातात, पण ते फोनवरच स्पष्ट सांगितलेले असले पाहिजेत. घरगुती ग्राहकाला सांगायची किंमत जीएसटीसह एकच असावी. तिथे हा कर १० टक्के आहे. ५,००० डॉलरांवरच्या घरगुती बांधकामाला लेखी करार लागतो आणि आगाऊ रक्कम १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, त्यामुळे निम्मे पैसे उचलून माल भरण्याची आपली पद्धत तिथे चालत नाही. मालाच्या दुकानात उधारीचे खाते उघडण्याची तयारी आधीपासून ठेवा.

सिडनीच्या जुन्या वस्त्यांतून सांडपाण्याचे पाइप भाजक्या मातीचे आहेत आणि त्यांच्या सांध्यांतून झाडांची मुळे आत शिरतात. स्वतःचे लायसन्स मिळाल्यानंतर लवकरच एका वृद्ध बाईंच्या घरी तुंबलेल्या लाइनचे काम आले. आधीच्या कोणीतरी पाण्याच्या जोराने लाइन मोकळी करून पैसे घेतले होते आणि ती पुन्हा भरली होती, त्यामुळे त्या दारातच चिडून उभ्या होत्या. मी लाइन मोकळी केली, मग कॅमेरा आत सोडला आणि बागेतल्या बाकावर त्यांना शेजारी बसवून पडदा दाखवला. करड्या पाण्यात पाइपच्या वरच्या अंगाला सांध्यातून उतरलेला मुळांचा झुपका दिसत होता, अगदी न विंचरलेल्या केसांच्या गुंत्यासारखा. मी सांगितले की आज पाणी जाईल, पण मुळे पुन्हा वाढतील, केव्हा ते सांगता येणार नाही. एकाच कागदावर दोन्ही किमती लिहिल्या, नुसती सफाई केली तर किती आणि तेवढा तुकडा खणून बदलला तर किती, आणि आजच ठरवण्याची गरज नाही असे म्हटले. त्यांनी त्या दिवशी सफाईच घेतली, पुढे खोदकामही मलाच दिले, आणि त्या गल्लीतली बरीच घरे त्यांच्या सांगण्यावरून माझ्याकडे आली. छापलेल्या कुठल्याही पत्रकाने मला एवढे काम दिले नाही.

खरे ते आधीच सांगण्याचा हाच नियम गरम पाण्याला लागू आहे. टाकीत पाणी किमान ६० अंश सेल्सिअसला साठवावे लागते, नाहीतर फुफ्फुसाचा आजार करणारे लीजिओनेला जिवाणू वाढण्याचा धोका असतो. पण नव्या व्यवस्थेत न्हाणीघराच्या नळाला ते ५० अंशांच्या वर जाऊ नये म्हणून गरम पाण्यात थंड मिसळणारा टेम्परिंग व्हॉल्व्ह बसवतात. हे आधी सांगितले तर ती माहिती ठरते. नंतर सांगाल तर ‘नवा हीटर बसवला आणि पाणी पूर्वीइतके गरम येत नाही’ या तक्रारीवर केलेली सारवासारव वाटते. काम झाले की त्याच टाकीवर तुमचे नाव, फोन, लायसन्स क्रमांक आणि तारीख लिहिलेले स्टिकर लावा. गरम पाणी थंडीच्या सकाळी बंद पडते, आणि तेव्हा माणूस इंटरनेटवर शोधण्याआधी टाकीसमोर जाऊन उभा राहतो.

भाड्याच्या घरांचे काम सांभाळणाऱ्या मॅनेजरांशी ओळख करून घ्या. ते पैसे उशिरा देतात, पण काम नियमित देतात. भाडेकरूकडून पाण्याच्या वापराचे पैसे घ्यायचे तर घरमालकाला स्वतंत्र मीटर लागतो, शॉवर मिनिटाला ९ लिटरांहून अधिक पाणी सोडणारा चालत नाही आणि गळके नळ दुरुस्त असावे लागतात. ही तपासणी करून लेखी अहवाल देणारा प्लंबर त्यांना हवाच असतो. अहवाल नीटनेटका असेल तर पुढची फुटलेली लाइनही तुमच्याकडेच येते.

इंटरनेटवरील अभिप्रायांचे महत्त्व तुम्हाला ठाऊक असेलच. काम संपल्यावर, गिऱ्हाईक समाधानाने नळ उघडून पाहत असते तेव्हा, सरळ शब्दांत विनंती करावी. कणकवलीच्या मावसभावांकडून पाच तारे लिहून घेण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. तो मानू नका, तिथल्या ग्राहक कायद्यात खोटे अभिप्राय ही फसवणूक आहे. वाईट अभिप्राय आला तर फोन करा, जा, पाहा, आणि मग तिथे शांतपणे उत्तर लिहा. जाहिरातीचे संदेशही आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपसारखे कोणालाही पाठवता येत नाहीत. २००३ च्या स्पॅम कायद्याप्रमाणे त्या माणसाची संमती आणि संदेश बंद करण्याची सोय लागते.

मुलीबद्दल. तिथले शालेय वर्ष जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभी सुरू होते आणि वर्ग प्रामुख्याने वयावरून ठरतो. तात्पुरत्या व्हिसावर असाल तर सरकारी शाळेतही शुल्क भरावे लागू शकते. तुमच्या व्हिसाला ते लागू आहे का ते आधी पाहा, कारण रक्कम लहान नसते. माझा मुलगा तिसरी करून आला तो वर्षाच्या मध्यावर. तीसपर्यंतचे पाढे त्याला तोंडपाठ होते, पण तो वर्गात बोलत नसे. बोलत नाही म्हणजे येत नाही असे त्याच्या शिक्षिकेने धरले आणि बोटांवर मोजायच्या बेरजा देऊन त्याला एका बाजूला बसवले. घरी मराठी कमी बोला, असेही आम्हाला सांगण्यात आले. आम्ही ऐकले नाही, तरी आज तो आजीच्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देतो आणि मला मध्ये बसून ते पोहोचवावे लागते. त्याचे पुढे सगळे चांगले झाले, ते दिवस तो विसरलाही. मी विसरलेलो नाही. त्या वर्षीच्या प्रगतिपुस्तकात त्याच्या बुद्धीविषयी लिहिलेले वाक्य मला आजही टोचते. मुलीला बरोबरच न्या, पण वर्षाच्या आरंभी पोहोचेल असे पाहा, पहिल्याच आठवड्यात तिच्या गणिताच्या वह्या घेऊन शिक्षकांना भेटा, आणि शनिवार-रविवारी भरणाऱ्या मराठी शाळेत तिचे नाव घाला.

एकटेपणाविषयी तुम्ही विचारले आहे. तो असतो, काम असेल त्या दिवशी कमी असतो. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

खरे सांगायचे तर मला जे सलते ते निराळेच आहे. आमच्या घरचा विहिरीवरचा पंप बंद पडला की आई मला फोन करत नाही. ती वाडीतल्या ज्या मुलाला बोलावते तो अर्ध्या तासात येतो, विहिरीतल्या पाइपच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह काढून साफ करतो, पैसे घ्यायला नको म्हणतो आणि चहा घेऊन जातो. परक्या गावात लोकांना मी वेळेवर पोहोचतो याचा मला अभिमान आहे, आणि माझ्या आईच्या घरी वेळेवर पोहोचणारा तो मुलगा आहे. निघून आलो हे बरे झाले की नाही, याचे उत्तर मला अजून देता येत नाही, म्हणून तुम्हालाही मी ‘जा’ किंवा ‘राहा’ असे सांगत नाही.

कुडाळचा धंदा मात्र बंद करू नका. हाताखालच्या दोघांपैकी जो फोनवर नीट बोलतो त्याला तो द्या. कारागिरी दुसऱ्याची थोडी सरस असली तरी चालेल. धंद्याचा मोबाइल नंबर त्याच्याकडेच राहू द्या, कारण मुंबईतल्या शेकडो फोनांत तुमच्या नावाने साठवलेला तो नंबर हीच तुमची खरी मिळकत आहे. त्या नंबराला जोडलेली बँकेची खाती आणि आधार आधी नव्या नंबरावर घ्या, मग सिम कंपनीकडून रीतसर त्याच्या नावावर करून द्या. निघण्याची तारीख गणपतीनंतरची ठेवा, म्हणजे चाकरमानी घरी असताना त्याला बरोबर घेऊन घरोघर जाता येईल, कोणाची लाइन कुठून गेली आहे आणि कोणाच्या टाकीची चावी कोणाकडे असते हे त्याला दाखवता येईल, आणि मुलीच्या शाळेसाठी जानेवारीपर्यंत पुरेसा वेळही हाती राहील.