लाट तुटत नाही, फुटते

नागपूरच्याच एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने विचारलंय: पाण्याच्या पातळीच्या नोंदीवरून ‘ब्रेकिंग वेव्ह’ ओळखायचा प्रकल्प आहे, मराठी गोषवाऱ्यात लाट ‘तुटते’ लिहू की ‘भंग पावते’?

दोन्ही नको रे बाबा. ‘तुटते’ आपल्याकडे हिंदीच्या शेजारामुळे शिरलं. परवा फुटाळा तलावाच्या काठावर एक गृहस्थ पोराला “बघ, लाट तुटली” सांगत होते, तेव्हा हातातले फुटाणे खाववेनात. तुटायला जोडलेलं काही लागतं: दोरी, बटण, नातं. मोडायला उभं काही लागतं: काडी, खुर्ची, ठरलेलं लग्न. आणि फुटायला आत काही दाटलेलं लागतं.

मूळ धातू स्फुट्. पालवी फुटते, पान्हा फुटतो, घाम फुटतो, पेपर फुटतो. सगळीकडे आतलं बाहेर. ‘स्फोट’ त्यातलाच. व्याकरणकार भर्तृहरीकडे अर्थ उजळवणाऱ्या शब्दतत्त्वालाही तेच नाव आहे, दारूगोळ्याशी त्याचा संबंध नाही. पण माझा लाडका वारस फुटाणा! तापल्या वाळूत चण्यातल्या ओलाव्याची वाफ होते, ती सालात मावत नाही, तड्‌! मोहरी फुटते म्हणून ती फोडणी, हेही माझं जुनं म्हणणं. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

आता लाट बघा. माथ्यावरच्या पाण्याचा वेग खुद्द लाटेच्या वेगाला मागे टाकतो, आणि ते पाणी लाटेतून पुढे निसटतं. फुटाणाच की! एक प्राध्यापक मला ‘तरंगभंजन’ हेच शास्त्रशुद्ध म्हणून सुनावतात. भंजन मूर्तीचं होतं, सर. कोकणातल्या कुठल्याही खलाशाला विचारा.

हां, प्रकल्प राहिलाच. पातळी मोजायला पाण्यात एका जागी रोवलेल्या तारेला फक्त पातळी कळते. पातळीने एकाएकी उडी घेतली, लाटेचा पुढचा उतार फार उभा झाला, की संशय घ्यायचा. स्टोक्सने १८८० मध्ये काढलेला माथ्याचा १२० अंशांचा कोन आणि खोल पाण्यातली उंची-लांबीच्या गुणोत्तराची १/७ ची मर्यादा या एकसारख्या, आखीव लाटांच्या. खऱ्या समुद्रात त्याआधीच फुटतात. म्हणून एकट्या उंचीवर निकाल देऊ नका.

मथळा असा करा: ‘पातळीच्या नोंदीवरून फुटत्या लाटांची ओळख’. ‘फुटलेल्या’ नको, फुटलेल्या लाटेचा फेस उरतो, आणि फेस तारेला धड मोजता येत नाही.