नायलॉन ६६ च्या दस्त्यावरील ओरखडे : हीट गन नको, वॉटर पेपर घ्या

आपल्या तपकिरी रेमिंग्टन नायलॉन ६६ रायफलीच्या दस्त्यावर पडलेले ओरखडे हीट गनने, म्हणजे गरम हवेचा झोत सोडणाऱ्या उपकरणाने, बुजवता येतील का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. हा दस्ता ड्यूपाँ कंपनीच्या झायटेल नावाच्या नायलॉनचा असून ते सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळते. मात्र ते मेणासारखे हळूहळू मऊ होत नाही, त्यामुळे पृष्ठभाग चकाकू लागेपर्यंत खालचा आकार बिघडलेला असतो. शिवाय हा दस्ता दोन अर्ध्या भागांत ओतून मग जोडलेला आहे आणि यंत्रणेची चौकटही त्याच नायलॉनची आहे. लाकडी दस्ता वाकला तर बदलता येतो, इथे मात्र रायफलच बिघडते.

आपल्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे : रंग वरून दिलेला नसून आरपार आहे. त्यामुळे घासल्यावर खालून वेगळा रंग निघत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी रायफल रिकामी करा. या रायफलीची काडतुसांची नळी दस्त्याच्या मागच्या भागात असते, म्हणून ती पूर्ण बाहेर काढा, बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता भाग) मागे ओढा आणि चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसते त्या जागेत, डोळ्यांनी पाहून बोटानेही चाचपा. यंत्रणा उघडण्याची गरज नाही. ती पुन्हा बसवणे किचकट आहे. धातूचे आवरण, पांढऱ्या रेषा, पुढच्या भागातले पांढरे चौकोनी ठिपके आणि पकडीवरची चौकडीची नक्षी यांवर मास्किंग टेप लावा. नक्षीवर कागद फिरला, तर तिची धार परत येत नाही.

सौम्य साबणाच्या पाण्याने मळ धुतला की पुष्कळदा निम्मे ओरखडे हे केवळ दुसऱ्या वस्तूचा रंग घासून लागलेले डाग होते, असे दिसून येते. जे नखाला लागतात, तेच खरे ओरखडे. त्यांच्यासाठी ४०० किंवा ६०० नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात वापरायचा बारीक घासकागद) रबरी ठोकळ्यावर गुंडाळून, सतत ओला ठेवून, दस्त्याच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा. कोरडे घासल्यास घर्षणाच्या उष्णतेने नायलॉनवर बारीक लव उभी राहते आणि पृष्ठभाग आणखी खराब दिसतो. त्यानंतर ८००, १०००, १५०० आणि २००० असे चढत जा; नंबर जितका मोठा, तितका कागद बारीक. आधीच्या कागदाच्या रेषा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा नंबर हाती घेऊ नका, कारण पॉलिश केल्यावर त्याच रेषा सर्वांत आधी दिसतात. शेवटी प्लॅस्टिक पॉलिश मऊ कापडावर घेऊन हातानेच चोळा. यंत्राचे चाक वापरले, तर उष्णतेचा तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. एकाच जागेची चकाकी वेगळी उठून दिसू नये, म्हणून ती संपूर्ण बाजू एकसारखी करावी लागते.

खोल खाच एपॉक्सीने भरण्याचा मोह टाळा. नायलॉनला ती नीट धरत नाही आणि भरलेली जागा खाचेपेक्षा अधिक खुपते. खाचेच्या कडेला उभा राहिलेला कंगोरा धारदार पात्याने अलगद खरवडला, तरी ती पुरेशी मवाळ दिसते.

हीच पद्धत सरसकट प्रत्येक जुन्या प्लॅस्टिक दस्त्याला लावू नये. १९४० च्या दशकातील काही स्टीव्हन्स बंदुकांचे दस्ते टेनाइटचे, म्हणजे सेल्युलोजपासून बनवलेल्या प्लॅस्टिकचे होते. अ‍ॅसिटोन हे द्रावक नायलॉनला काही करत नाही, पण टेनाइट विरघळवते. शिवाय आपला दस्ता याच रायफलीच्या ‘सेनेका’ नावाच्या हिरव्या रंगाचा असता, तर मी धुण्यापलीकडे काहीच सुचवले नसते. तो रंग थोडीच वर्षे निघाला आणि संग्राहक त्यावरचा मूळ पृष्ठभागच शोधतात.