वेबसाइट होस्टिंगसाठी एसएसएच शिकायलाच हवं का, की कंट्रोल पॅनेलवर भागतं?

शिका. एसएसएच म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन करून हुकूम टाइप करत काम करायची सोय; पॅनेल म्हणजे तेच ब्राउझरमध्ये बटणं दाबून. "पॅनेलवर भागतंय की" हे मी माझ्या मावसभावाकडून सहा वर्षं ऐकतोय, म्हणून लिहितोय. लातूरला आम्ही दोघं मिळून दुकानदारांच्या, आडत्यांच्या साइट सांभाळतो. मी टर्मिनल (हुकूम टाइप करायची खिडकी) उघडलं की दादाचं ठरलेलं: "काय करायलास रं त्या काळ्या पडद्यावर? ती पुण्याच्या इंजिनिअरची कामं."

ऐन सोयाबीनच्या हंगामात एका आडत्याची साइट अडकली. सौदा झाला की तिच्यावर भाव चढतात आणि शेतकरी ते बघून माल भरतात. मी औशाकडं गावी, लाइट गेलेली, मोबाइलला एकच काडी. दादा लातुरात पॅनेल उघडून बसलेला. भावाचं पान सेव्ह होईना, एफटीपीनं (फाइली सर्व्हरवर चढवायची जुनी पद्धत) चढवलेली फाइल शून्य बाइटची. म्हणाला, "होस्टिंगवाल्यांकडं तक्रारीचं तिकीट टाकलंय, थांबू."

शेतकऱ्यानं कशाला थांबायचं? मी फोनवर टर्मक्स हे टर्मिनलचं अ‍ॅप उघडलं. एसएसएचमधून नुसती अक्षरं येतात-जातात, त्यामुळं जिथं पॅनेलचं लॉगिनसुद्धा उघडत नव्हतं तिथं प्रॉम्प्ट (हुकूम टाइप करायची ओळ) आला. 'डीएफ -एच' (डिस्क किती भरली ते दाखवणारा हुकूम) केलं: डिस्क १०० टक्के. 'डीयू'नं (कुणी किती जागा खाल्ली ते दाखवणारा हुकूम) माग काढत गेलो तर अपाचेचा, म्हणजे साइटची पानं पुरवणाऱ्या वेब सर्व्हरचा, एरर लॉग (चुकांची नोंदवही) १९ जीबी! एक जुनं प्लगइन प्रत्येक हिटला तीच वॉर्निंग लिहीत होतं. लॉग उडवला नाही, कारण अपाचे ती फाइल धरून बसलेलं असतं, उडवूनही जागा सुटत नाही. 'ट्रंकेट'नं शून्यावर आणला, प्लगइन बंद केलं. अर्ध्या तासात भाव साइटवर.

दादा म्हणाला, नशीब. नशीब कसलं? की-फाइल (पासवर्डऐवजी चालणारी किल्ली) मी सहा महिने आधीच फोनमध्ये बसवून ठेवली होती.

त्याचा दुसरा हट्ट साध्या एफटीपीचा. त्यात पासवर्ड तारेवरून उघडा जातो. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले, म्हणून तर तातू इलोनेननं एसएसएच लिहिलं. एसएफटीपी, म्हणजे एसएसएचमधूनच फाइली पाठवणं, एसएसएचच्याच २२ नंबरच्या पोर्टवर (सर्व्हरच्या दारावर) चालतं, फाइलझिला या फाइली चढवायच्या सॉफ्टवेअरमध्येही आहे. तरी दादा एफटीपीचं २१ सोडत नाही.

बाकी, आमचा व्हीपीएस (पूर्ण आपल्या ताब्यातला आभासी सर्व्हर) आहे. शेअर्ड प्लॅनवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) अपाचेच्या लॉगला हात लावता येत नाही, आणि एसएसएच बऱ्याचदा मागून घ्यावं लागतं. वर्षातून एकदा बदलणारी पाच पानांची साइट असेल तर पॅनेल पुरतं, मान्य. पासवर्ड लॉगिन बंद करायच्या आधी, पहिली खिडकी उघडी ठेवून, दुसरीत की चालते का बघा. आणि फाइल उडवणाऱ्या 'आरएम'ला रिसायकल बिन नाही. एंटर दाबण्याआधी 'पीडब्ल्यूडी' करून आपण कुठं उभे आहोत ते बघा.