सायकली दुरुस्त करणाऱ्या दिवंगत काकांसाठी पहिली स्मृती-राइड काढताय?

कल्पना चांगली आहे, नक्की काढा. टी-शर्ट, बॅनर सगळं नंतर. आधी काकांच्या घरच्यांना विचारा: तारीख चालेल का, दुकानापाशी जमलेलं चालेल का? नवे संयोजक बहुतेक इथेच चुकतात. मेसेज आधी फिरवतात आणि घरी मग जातात.

दुसरं, वेग. ज्यांनी पोराटोरांच्या पहिल्या सायकलीपासून आजोबांच्या गंजक्या सायकलीपर्यंत सगळ्यांच्या चाकांचे आउट काढले (वाकडी चाकं सरळ केली), त्यांच्या राइडला ते सगळेच येणार. त्यामुळे १० किलोमीटरचं अंतर पुष्कळ झालं. रस्त्यावर जखमी झालेल्या किंवा जीव गमावलेल्या सायकलस्वारांसाठी २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘राइड ऑफ सायलेन्स’मध्ये वेग ताशी १२ मैलांच्या, म्हणजे साधारण १९ किलोमीटरच्या आत ठेवतात. तुम्ही त्याहूनही हळू चला. पुढे एक जाणता, सगळ्यात मागे एक. मागच्याकडे पंप, पाने, पॅच-सोल्यूशन. कोणाचं पंक्चर झालं तर सगळ्यांनी थांबायचं. (काका असते तर स्वतःच बाह्या सरसावून बसले असते!)

पांढरी रंगवलेली सायकल मात्र उभी करू नका. ती वाहनाच्या धडकेत गेलेल्या सायकलस्वाराची खूण आहे. काका आजारपणाने गेले असतील तर बघणाऱ्यांचा उगाच गैरसमज होईल.

भाषणं फार तर दोन. त्यापेक्षा एक वही ठेवा, लोक आठवणी लिहितील, ती घरच्यांना द्या.

गर्दी मोठी होणार असं दिसलं तर वाहतूक पोलिसांना आधी कळवा. स्वयंसेवक, चौक अडवणं वगैरे पुढचं, आकडा कळला की बोलू.