.२२ साठी स्टेनलेस बॅरल : जास्त पैसे मोजावेत का?

मुलीसाठी जुनी .२२ मॅच रायफल (नेमबाजी स्पर्धेची, ०.२२ इंच व्यासाच्या गोळीची) बघताय, स्टेनलेस बॅरलवाल्या, म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या नळीच्या रायफलीला बरेच जास्त मागतायत. ती जास्त टिकेल का, ग्रुप सुधारेल का, म्हणजे गोळ्या जास्त जवळजवळ पडतील का, असं विचारलंयत. माझं मत: नुसत्या स्टेनलेससाठी जास्त पैसे देऊ नका.

स्टेनलेसचा बोलबाला मोठ्या बोअरच्या (नळीच्या आतल्या पोकळीच्या) रायफलींमुळे झाला. तिथे दारूचा तापलेला वायू चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या भागाच्या, पुढच्या तोंडावर, म्हणजे थ्रोटवर, आदळतो. काही हजार फैरींनंतर बोअरस्कोप (नळीच्या आत बघायची दुर्बीण) घालून बघा, आटलेल्या तळ्याच्या तळासारख्या भेगा दिसतात आणि गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांची सुरुवात खाल्लेली असते. ४१४० क्रोम-मॉली या नेहमीच्या बॅरल स्टीलमध्ये क्रोमियम जेमतेम एक टक्का, ४१६आर या बॅरलच्या स्टेनलेसमध्ये बारा-तेरा. त्यामुळे स्टेनलेस थोडं जास्त तग धरतं, पण दुप्पट वगैरे नाही. सैनिकी रायफलींत बोअरला आतून क्रोमचा मुलामा देतात. तो टिकतो जबरदस्त, पण त्याची जाडी सगळीकडे सारखी बसत नाही, म्हणून मॅचवाले त्याच्या वाटेला जात नाहीत.

तुमच्या .२२ मध्ये यातलं फारसं काही घडत नाही. शिशाची अडीच ग्रॅमची गोळी, चिमूटभर दारू, वेगही आवाजापेक्षा कमी. नीट वापरलं तर कुठलंही चांगलं बॅरल हजारो नव्हे, दहा-दहा हजारांच्या हिशेबात चालतं. पन्नास मीटरवरचा दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा. तो गाठायला बोअर एकसारखं हवं, क्राउन (नळीच्या तोंडाची कड) शाबूत हवा आणि गोळ्यांचा लॉट, म्हणजे एका वेळी बनलेली खेप, रायफलीला जुळायला हवा. एकाच ब्रँडच्या दोन लॉटमधला फरक स्टीलच्या फरकापेक्षा मोठा निघतो.

आणि स्टेनलेस गंजत नाही या भरवशावर राहू नका. यंत्रावर सहज कापलं जावं म्हणून ४१६आरमध्ये गंधक घालतात, क्रोमियमही घरातल्या डब्यांपेक्षा कमी. एका जुलैत सरावानंतर माझी रायफल ओलसर फोमच्या केसमध्ये आठ दिवस तशीच राहिली. फोरसाइटच्या (नळीच्या पुढच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेच्या) बाजूला दोन तपकिरी ठिपके अजून आहेत, बायको त्यांना माझी पदकं म्हणते.

बघायला जाल तेव्हा कान साफ करायची कापसाची काडी क्राउनवरून गोल फिरवा. तंतू अडकले तर तिथे टवका आहे. मालक क्लीनिंग रॉड कुठल्या बाजूने घालतो ते विचारा. नळीच्या तोंडाकडून, तेही रॉड सरळ ठेवणाऱ्या गाइडशिवाय घालत असेल, तर क्राउन घासलेला असण्याची शक्यता मोठी. मग दोन-तीन लॉट घेऊन रेस्टवरून, म्हणजे रायफल आधारावर टेकवून, दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप मारून बघा. मारू देत नसतील तर सौदा सोडा.