अंश-छेदाची भीती घालवायची असेल तर

भावा, दहावीनंतर सुटलेलं गणित भरतीसाठी पुन्हा धरलंस, बरं केलंस. सांगलीत मी बरीच वर्षं शिकवणी घेतो. बहुतेकांचं घोडं एकाच जागी अडतं: अंश आणि छेद हे दोन सुटे आकडे वाटतात.

पाऊण किलो भडंग घेतोस ना? पाऊण म्हणजे ३/४. खालचा ४ हा छेद, म्हणजे किलोचे किती सारखे भाग केले. वरचा ३ हा अंश, त्यातले किती पिशवीत आले. म्हणून छेद वाढला की वाटा लहान होतो. १/८ हा १/४ पेक्षा कमीच.

सुरुवातीला या चुका टाळ:

- १/२ + १/३ = २/५ असं वर-वर, खाली-खाली मिळवू नकोस. २/५ तर अर्ध्यापेक्षाही कमी! अर्ध्यात भर घातल्यावर कमी कसं होईल? आधी समच्छेद कर, म्हणजे दोन्हींचे छेद सारखे करून घे: ३/६ + २/६ = ५/६.
- (क्ष + ३)/३ मधले तीन खोडू नकोस. (मीही कॉलेजात खोडायचो.) क्ष = ३ ठेवून बघ: खरं उत्तर २, पण खोडलं तर उरतो क्ष, म्हणजे ३. गुणाकारातला अवयव कापता येतो, बेरजेतलं पद नाही. ३क्ष/३ असेल तर खुशाल काप.
- छेदात शून्य चालत नाही.

छेदाचं परिमेयीकरण (छेदातलं वर्गमूळ घालवणं) वगैरे आत्ता बाजूला ठेव. आठवडाभर रोज दहा बेरजा कर, वेगवेगळ्या छेदांच्याच. अडलास तर वहीचा फोटो पाठव. नुसतं उत्तर नको, पायऱ्या दिसू देत.