पिट्सबर्गमध्ये घरं इतकी स्वस्त कशी? नोकरी मिळतेय, पण गाव ‘मेलेलं’ आहे म्हणतात. घर घेऊन स्थायिक व्हावं का?

गाव मेलेलं आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं ते कळवा, त्यांनाही हेच उत्तर पाठवतो.

शहराची लोकसंख्या १९५० साली ६,७६,८०६ होती, २०२० च्या जनगणनेत ३,०२,९७१ भरली. एवढा आकडा टाकला की लोकांना वाटतं विषय संपला. पण आजूबाजूची उपनगरं आणि काउंट्या धरल्या तर पावणेचोवीस लाखांच्या आसपास माणसं तिथे नांदताहेत. गाव पोलादाचं म्हणून ओळखलं जायचं; ते पोलाद गेलं हेही अर्धंच खरं. होमस्टेडचा पोलादाचा कारखाना १९८६ साली बंद पडला. त्या जागी आता दुकानं आणि सिनेमागृह आहे, आणि जुनी बारा धुराडी तेवढी शोभेला ठेवलीत. पण तिथून जवळच ब्रॅडॉकला एडगर थॉमसन कारखाना १८७५ पासून पोलाद ओततोय तो आजही. क्लेअरटनला कोळसा भाजून कोक करायचा देशातला सगळ्यात मोठा कारखाना चालू आहे. यूएस स्टील कंपनी २०२५ मध्ये जपानच्या निप्पॉन स्टीलने घेतली, आणि तिच्या नावाच्या चौसष्ट मजली इमारतीच्या माथ्यावर अक्षरं झळकतात ती यूपीएमसीची. हा रुग्णालयांचा समूह, त्या भागात सगळ्यात जास्त नोकऱ्या तोच देतो. बाकी कार्नेगी मेलन विद्यापीठ (सीएमयू), पिट्सबर्ग विद्यापीठ (पिट), रोबोटिक्स वगैरे तुम्हाला माहीत असणारच.

आता स्वस्ताईचं. पावणेसात लाख माणसांसाठी बांधलेलं शहर, माणसं निम्म्याहून कमी उरली, घरं उभीच राहिली. त्यातली बरीच दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, उतारावरची आणि खाली कोळशाची खाण असलेली. म्हणून स्वस्त. यात फसवणूक काही नाही, पण काय तपासायचं ते ठाऊक नसेल तर वाचवलेले पैसे दोन वर्षांत जमिनीत जातात. शब्दशः जमिनीत.

आपल्या लोकांत एक वाक्य फार ऐकू येतं: ‘डाय टेस्ट पास झाली, ड्रेनेजची काळजी नाही.’ हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. डाय टेस्टमध्ये प्लंबर छताच्या पावसाच्या पाण्याच्या पाइपात आणि ड्राइव्हवेच्या जाळीत रंगीत पाणी ओततो आणि ते सांडपाण्याच्या लाइनीत उतरतं का एवढंच बघतो. उतरलं तर जोडणी बेकायदा. ती तोडून द्यावी लागते किंवा विक्रीच्या वेळी तेवढे पैसे राखून ठेवावे लागतात. पिट्सबर्ग ज्यात येतं त्या अलेघेनी काउंटीतल्या बहुतेक नगरपालिका विक्रीआधी ही चाचणी मागतात, कारण जोराचा पाऊस झाला की गटारं भरून थेट नदीत वाहतात. चाचणी नदीच्या सोयीसाठी आहे, तुमच्या नाही. पाइप फुटलाय की शाबूत, याचा तिच्याशी काडीचा संबंध नाही.

त्यासाठी कॅमेरा लागतो. साध्या होम इन्स्पेक्शनमध्ये तो नसतो, वेगळा मागावा लागतो, दोन-तीनशे डॉलर जास्तीचे. जुन्या घरांची सांडपाण्याची लाइन भाजलेल्या मातीच्या पाइपांची असते. दोन-तीन फुटांचे तुकडे, एकात एक बसवलेले. सांध्यातला चुना-सिमेंट झिजला की झाडाची मुळं तिथूनच आत शिरतात आणि आत झाडूसारखी पसरतात. एजंट सांगेल की आतल्या आत अस्तर घालता येतं. येतं, पण पाइप मधे खचून पोट आलं असेल किंवा कोसळला असेल तर अस्तराचा उपयोग नाही, खणावंच लागतं.

कॅमेरा टाकायच्या आधी घरातले सगळे नळ चांगले पंधरा-वीस मिनिटं सोडून ठेवायला लावा. खचलेल्या भागात पाणी साचून राहतं आणि कॅमेरा पाण्याखाली जातो, तेव्हाच ते पोट दिसतं. कोरड्या पाइपात दिसणार नाही. तळघरातल्या क्लीनआउटच्या, म्हणजे लाइन साफ करायच्या तोंडाच्या, झाकणापासून रस्त्याखालच्या मुख्य लाइनीपर्यंत पूर्ण चित्रीकरण हवं, पडद्यावर फुटांचा आकडा दिसत असलेलं, आणि ती फाइल तुमच्या हातात. ‘पुढे घाण फार आहे, कॅमेरा जात नाही’ असं म्हणाला तर सही करू नका. दुखणं नेमकं तिथेच असतं. लाइन साफ करून पुन्हा टाकायला सांगा, तो खर्च विकणाऱ्यावर घाला. हे एवढं सांगतोय कारण शहरात ती लाइन मुख्य गटाराला मिळेपर्यंत घरमालकाची, रस्त्याखालचा भागसुद्धा. अंगणात खणलं तर काही हजारांत भागतं. रस्ता फोडून पुन्हा डांबर घालायची वेळ आली तर आकडा कितीतरी पट होतो, आणि साधी घरविम्याची पॉलिसी त्याला हात लावत नाही.

जाता जाता: तळघरात भिंती नाहीत, पडदा नाही, मधोमध एक उघडा संडास दिसला तर दचकू नका. त्याला तिथे पिट्सबर्ग टॉयलेट म्हणतात. कारखान्यातून काळाठिक्कर होऊन आलेला माणूस आधी तळघरात उतरून धुऊन घ्यायचा, अशी एक कथा सांगतात. गटार तुंबलं तर पाणी वरच्या मजल्यावर न येता तिथे यावं म्हणून बसवला, अशी दुसरी. मला दुसरी पटते. त्याच्या बुडाशी जमिनीवर पाणी चढल्याच्या जुन्या रेघा दिसताहेत का ते मात्र वाकून बघा.

आता खाण. खरेदीखतातच ठळक अक्षरांत एक सूचना असते, की या दस्ताने खालचा कोळसा आणि जमिनीला त्याचा आधार मिळण्याचा हक्क विकला जाईलच असं नाही. लोक ती छापील बाब समजून पान उलटतात. पिट्सबर्गचा कोळशाचा थर मधेमधे कोळशाचेच खांब सोडून खणलेला आहे. खांब झिजले की जमीन बसते आणि भिंतीला पायऱ्यापायऱ्यांची भेग जाते. नेहमीच्या घरविम्यात हे येत नाही. राज्याच्या पर्यावरण खात्याचा खाण खचण्याचा वेगळा विमा आहे, त्याचा हप्ता किरकोळ. त्याच खात्याच्या नकाशावर पत्ता टाकला की खाली खाण आहे का ते दिसतं. हा विमा नुकसान व्हायच्या आत घ्यायचा असतो, आणि बँक तुम्हाला आठवण करणार नाही.

दरड कोसळली तर मात्र हाही विमा चालत नाही. टेकड्यांतली तांबडी माती पाणी पिऊन घसरते. एप्रिल २०१८ मध्ये ईस्ट पिट्सबर्गला रूट ३० या हमरस्त्याचा एक अख्खा तुकडा असाच खाली गेला. म्हणून उतारावरच्या घराची आधारभिंत बाजूने बघा. मधे पोट सुटलंय का, पाणी निघायची भोकं बुजलीत का. भोकं कोरडी आणि भिंत ओली असेल तर पाणी मागे साठतंय. अशा घराचा सौदा सोडा, कितीही गोड असला तरी.

रेडॉन, म्हणजे जमिनीतून घरात झिरपणारा किरणोत्सारी वायू, त्याची ४८ तासांची चाचणी खिडक्या बंद ठेवून करायची. आकडा चार पिकोक्युरी प्रति लिटरच्या वर आला तर फरशीखाली पाइप घालून पंख्याने हवा बाहेर ओढतात, हजार-दीड हजारांचं काम, त्यासाठी घर सोडू नये. पाण्याची लाइन शिशाची आहे का, आणि भिंतीत चिनीमातीच्या गुंडाळ्यांवरची जुनी वायरिंग उरली आहे का, हेही विचारा. तशी वायरिंग असली की विमा कंपन्या तोंड फिरवतात.

कर: शहरात राहिलात तर पगारावर स्थानिक ३ टक्के, बहुतेक उपनगरांत १ टक्का, काही ठिकाणी थोडा जास्त. राज्याचा ३.०७ वेगळा. घर घेताना हस्तांतर कर शहरात एकूण ५ टक्के, बहुधा घेणारा-विकणारा दोघांत निम्मा-निम्मा. आणि आधीच्या मालकाचं मालमत्ता कराचं बिल बघून हिशेब करू नका. काउंटीचं मूल्यांकन २०१२ च्या भावांवर अडकलंय. तुमची खरेदी नोंदली गेली की शाळा मंडळ अपील करून ते वाढवून घेऊ शकतं. खरेदीच्या निम्म्या किमतीवर कर धरून बजेट करा, म्हणजे धक्का बसणार नाही.

हवेचं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. शरद ऋतूतल्या शांत, निरभ्र पहाटे थंड हवा नदीच्या खोऱ्यात झाकणासारखी बसते आणि क्लेअरटनचा सडक्या अंड्यांचा वास शहरातल्या स्क्विरल हिल वस्तीपर्यंत येतो. दुपारी तीनला घर दाखवतात तेव्हा वारा सुटलेला असतो. सकाळी सहाला त्या गल्लीत जाऊन उभे राहा. सीएमयूच्या लोकांनी केलेलं ‘स्मेल पीजीएच’ नावाचं ॲप आहे, त्यात वासाच्या तक्रारी नकाशावर दिसतात. घरात दम्याचा पेशंट असेल तर मॉन व्हॅलीचं (क्लेअरटन, ब्रॅडॉक ज्यात येतात त्या नदीच्या खोऱ्याचं) नावच काढू नका.

शाळांसाठी माउंट लेबनॉन, अपर सेंट क्लेअर, नॉर्थ अलेघेनी, ही यादी तुम्हाला कुणीही देईल. वेंकटेश्वराचं देऊळ पेन हिल्स उपनगरात, १९७६ पासूनचं.

आणि आता क्रॅनबेरीवाले, म्हणजे शेजारच्या बटलर काउंटीतल्या नव्या उपनगरातले, येतील, ‘नवं घर घ्या, कटकट नाही’ म्हणत. या मंडळींशी माझा वाद जुना आहे. नवं घर म्हणजे दुधासाठीही गाडी काढायची आणि विद्यापीठांच्या भागात, ओकलंडला, नोकरी असेल तर रोज हायवेवर जीव आटवायचा. बटलर काउंटीतही कोळसा निघालाय आणि रेडॉन नव्या घराला घाबरत नाही. ज्यांना स्क्विरल हिलमधलं विटांचं घर नीट तपासून घेता येतं त्यांनी तेच घ्यावं. चालत बाजार, बस, विद्यापीठ, सगळं आहे.

अर्थात नोकरी कुठल्या ऑफिसात ते तुम्ही लिहिलंच नाहीये. वेस्टिंगहाऊसची असेल तर मुख्यालय क्रॅनबेरीतच आहे; मग वरचा परिच्छेद सोडून द्या, खाणीचा नकाशा आणि रेडॉन तेवढं सोडू नका. आणि पहिलं वर्ष भाड्यानेच राहा, एक हिवाळा तरी काढा.